नॉमिनेशन स्वीकारलं, पण गॅस कापून आला: कारण नेमकं कुठे शोधायचं

लक्षण ठरलेलं असतं. रात्री साडेअकराच्या आत पाइपलाइनच्या पोर्टलवर १०,००० डेकाथर्मचं (डेकाथर्म हे गॅसमधली उष्णता मोजायचं एकक) नॉमिनेशन, म्हणजे अमुक दिवशी इतका गॅस वाहून न्या ही मागणी, चढवलं, समोर 'स्वीकारलं' असा शेरा उमटला, आणि पहाटे साडेतीनला शेड्यूलच्या रकान्यात ५,९१० दिसतात. कधी तर सरळ शून्य. तिकडे ह्यूस्टनचा ट्रेडर विचारतो की गॅस गेला कुठे, आणि इकडे हिंजवडीत किंवा खराडीत बसलेला शेड्यूलर पाइपलाइनला ईमेल लिहायला घेतो. बहुतेक वेळा तो ईमेल चुकीच्या पत्त्यावर जात असतो, कारण कट पाइपलाइनने केलेला नसतो. पाइपलाइनने फक्त दोन बाजूंचे आकडे जुळवून पाहिले आणि लहान होता तो घेतला.

पुण्यातून अमेरिकेच्या आंतरराज्य पाइपलाइनचं शेड्यूलिंग सांभाळणाऱ्या टीमसाठी हे लिहिलं आहे. नियम एनएईएसबीच्या, म्हणजे तिथल्या गॅस आणि वीज व्यवहारांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, मानकांतले. सध्याचं पाच सायकलचं वेळापत्रक १ एप्रिल २०१६ पासून लागू आहे. सायकल म्हणजे नॉमिनेशन देण्याची एक फेरी: आदल्या दिवशीच्या टाइमली (मुख्य) आणि इव्हनिंग, मग त्याच दिवशीच्या तीन इंट्राडे.

'स्वीकारलं' याचा अर्थ

नॉमिनेशन दिल्यावर थोड्याच वेळात जो पहिला प्रतिसाद येतो, तो फक्त फॉर्म तपासून आलेला असतो. करार क्रमांक चालू आहे का, पॉइंट (गॅस आत घेण्याची किंवा बाहेर देण्याची जागा) त्या करारावर चालतो का, तारखा कराराच्या मुदतीत बसतात का, फ्यूलचा, म्हणजे पाइपलाइन स्वतःच्या वापरासाठी ठेवून घेते त्या गॅसचा, हिशेब बरा आहे का, इतकंच. त्यानंतर पाइपलाइन प्रत्येक पॉइंटवरच्या ऑपरेटरला विचारते, 'अमुक शिपरचा इतका गॅस तुमच्याकडून येणार, बरोबर?' शिपर म्हणजे ज्याच्या नावावर वाहतुकीचा करार आहे तो, इथे तुम्ही. हा ऑपरेटर म्हणजे जोडणारी दुसरी पाइपलाइन, प्रक्रिया प्रकल्प किंवा शहरातली गॅस वितरण कंपनी. त्याच्या होकाराला कन्फर्मेशन म्हणतात. क्षमता आणि प्राधान्य यांचा हिशेब होऊन शेवटी जो आकडा येतो तो शेड्यूल्ड. गॅस त्या आकड्यावर वाहतो, तुम्ही मागितलेल्यावर नाही.

म्हणून कट दिसला की पहिला प्रश्न एकच: तो या टप्प्यांपैकी कुठे लागला? पोर्टलवर कपातीचा कोड असतोच, पण कोड वाचण्याआधी आकडे वाचा. आकडे जास्त बोलतात.

आकड्यावरून कारण ओळखणं

वरचंच उदाहरण घेऊ. डिलिव्हरी (पाइपलाइनमधून बाहेर पडणारा गॅस) १०,०००, फ्यूल १.५ टक्के, म्हणून रिसीट (आत शिरणारा गॅस) १०,१५२. शेड्यूल आलं: रिसीट ६,०००, डिलिव्हरी ५,९१०. डिलिव्हरीचा आकडा विचित्र आहे, पण रिसीटचा गोल आहे. पाइपलाइनचं कॉम्प्युटर स्वतःहून ६,००० असा गोल आकडा काढत नाही. तो कुणीतरी हाताने टाकलेला असतो. म्हणजे तुम्हाला गॅस विकणाऱ्याने त्याच्या बाजूला ६,००० च नॉमिनेट केले आहेत. ५,९१० हा त्यातून फ्यूल वजा जाऊन उरलेला आकडा.

उलट डिलिव्हरी गोल आणि रिसीट तुटक दिसली, तर घेणाऱ्याने कमी मागितलं आहे. दोन्ही बाजूंचे आकडे तुटक असतील, उदाहरणार्थ ७,३१८ आणि त्याला साजेशी रिसीट, तर वाटेत कुठेतरी क्षमता अपुरी पडली आणि सगळ्यांना प्रमाणात वाटून दिलं गेलं, असं धरून चालायला हरकत नाही.

आणखी एक खूण आहे. कापून आलेला आकडा कालच्या शेड्यूलइतकाच असेल, काल ८,००० होते, आज १०,००० मागितले आणि पुन्हा ८,००० च मिळाले, तर समोरच्या ऑपरेटरने कन्फर्मेशनच्या विनंतीला उत्तरच दिलेलं नाही. टाइमली सायकलमध्ये उत्तर आलं नाही, तर नॉमिनेशन आणि आधीचं शेड्यूल यांतला लहान आकडा धरायचा, असा नियम आहे. महिन्याच्या १ तारखेला नव्या व्यवहारांवर शून्य दिसण्याचं हेच मोठं कारण: त्या साखळीचं आधीचं शेड्यूल शून्य, उत्तर नाही, म्हणून निकालही शून्य. काही पॉइंटवर 'हरकत नसेल तर मान्य' असा करार ऑपरेटर आपसांत करून ठेवतात. तिथे ही भानगड होत नाही. तुमच्या नेहमीच्या पॉइंटांपैकी कुठे अशी सोय आहे, हे एकदा विचारून लिहून ठेवा.

समोरच्याशी न जुळणं

वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो, आणि इथेच सगळ्यात जास्त वाचवताही येतो.

समोरच्याने नॉमिनेशन दिलंच नाही, हे कमी वेळा होतं. जास्त वेळा त्याने दिलेलं असतं, पूर्ण आकड्याचं दिलेलं असतं, पण तुमच्या नावाशी जुळत नाही. जुळणी शिपरचा ओळख क्रमांक, अपस्ट्रीम (गॅस येतो त्या बाजूचा) किंवा डाउनस्ट्रीम (गॅस जातो त्या बाजूचा) करार आणि काही पाइपलाइनवर पॅकेज आयडी (व्यवहाराला दिलेली खूण) यांवर होते. त्यातला एक जरी वेगळा असला तरी दोन्ही नॉमिनेशनं एकमेकांना ओळखत नाहीत, आणि दोन्ही शून्यावर येतात. दोन्ही बाजू कापल्या गेल्या आणि दोन्हीकडे 'जोडीदार सापडला नाही' अशा अर्थाचा शेरा आहे, असं दिसलं तर जवळपास नक्की हेच.

ओळख क्रमांकात सर्रास होणारी गफलत म्हणजे एकाच समूहाच्या दोन कंपन्या. सौदा 'मार्केटिंग'ने केलेला असतो, वाहतुकीचा करार 'ट्रेडिंग'च्या नावावर असतो, आणि दोघींचे नऊ आकडी डन्स क्रमांक वेगळे. विकणारा सौद्याच्या कागदावरचा क्रमांक टाकतो, तुम्ही वाहतूक करारावरचा. म्हणून सौदा पक्का करताना 'कोणत्या डन्सवर आणि कोणत्या करारावर देताय' हे चॅटवर लेखी घ्या. ते काम ट्रेडरचं, असं म्हणून सोडू नका. त्याच्या लेखी किंमत आणि आकडा ठरला की काम संपलं.

पॉइंटचं तसंच. दोन पाइपलाइन जिथे जोडल्या जातात तो पाइप एकच, पण प्रत्येक पाइपलाइनचा त्या जागेसाठीचा क्रमांक आणि नाव वेगळं असतं. एकीकडे ती डिलिव्हरी असते, दुसरीकडे रिसीट. शिवाय दोन पाइपलाइन एकाच परिसरात दोन-तीन ठिकाणी जोडलेल्या असू शकतात आणि नावंही सारखीच वाटतात. नावावर विसंबू नका, क्रमांकाची जोडी तपासा. ही जोड्यांची यादी टीमच्या शेअर्ड फाइलमध्ये एकदा नीट करून ठेवली तर नव्या माणसाला पहिल्या महिन्यात लागणारे निम्मे कट टळतात.

आता वेळेचं. टाइमलीची मुदत सेंट्रल, म्हणजे ह्यूस्टनच्या वेळेनुसार दुपारी १ वाजता संपते, आणि कन्फर्मेशन साडेचारपर्यंत चालतं. मधले हे साडेतीन तास हाताशी असतात, पण बहुतेक डेस्क ते वाया घालवतात: नॉमिनेशन टाकलं, जेवून आले, निकालाची वाट बघत बसले. खरं तर बहुतेक पोर्टलवर या काळात कन्फर्मेशनची स्थिती जिवंत दिसते. त्या स्क्रीनवर तुमच्यासमोर ६,००० दिसत असतील, तर विकणाऱ्याच्या शेड्यूलरला त्याच वेळी फोन करा. फोनवर 'गॅस का कापला' असं विचारू नका. पाइपलाइन, पॉइंट क्रमांक, तुमचा डन्स, तुमचा करार, गॅस-दिवस (सेंट्रल वेळेनुसार सकाळी ९ पासूनचे २४ तास) आणि आकडा, या क्रमाने वाचून दाखवा आणि त्याच्या स्क्रीनवर काय आहे ते वाचून घ्या. फरक साधारण दुसऱ्या मिनिटाला सापडतो. मुदत उलटून गेलेली असली तरी ऑपरेटरची चूक कन्फर्मेशनमध्ये दुरुस्त होऊ शकते. शिपरची चूक मात्र पुढच्या सायकलमध्ये न्यावी लागते.

घड्याळ

भारतीय वेळेत उन्हाळ्याचं, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतचं वेळापत्रक असं:

| सायकल | नॉमिनेशनची मुदत | कन्फर्मेशन पूर्ण | निकाल | अंमल |
|---|---|---|---|---|
| टाइमली | रात्री ११:३० | पहाटे ३:०० | पहाटे ३:३० | संध्याकाळी ७:३० |
| इव्हनिंग | पहाटे ४:३० | सकाळी ७:०० | सकाळी ७:३० | संध्याकाळी ७:३० |
| इंट्राडे १ | रात्री ८:३० | रात्री ११:०० | रात्री ११:३० | रात्री १२:३० |
| इंट्राडे २ | रात्री १:०० | पहाटे ३:३० | पहाटे ४:०० | पहाटे ४:३० |
| इंट्राडे ३ | पहाटे ५:३० | सकाळी ८:०० | सकाळी ८:३० | सकाळी ८:३० |

हिवाळ्यात प्रत्येक वेळेत एक तास मिळवा. २०२६ साली अमेरिकेचं घड्याळ १ नोव्हेंबरला मागे जातं आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे नव्या वेळांचा पहिला आठवडा नेमका सुट्ट्यांच्या आणि बदली माणसांच्या गर्दीत येतो. त्या आठवड्याचे अलार्म आधीच बदलून ठेवा. तसे हिवाळ्यात मुदत एक तास पुढे गेल्याने नुकसान होत नाही. खरा फटका मार्चमध्ये बसतो, जेव्हा साडेबाराची सवय लागलेली असते आणि मुदत साडेअकराला संपलेली असते.

वेळेपेक्षा तारीख जास्त फसवते. हिवाळ्यात टाइमलीची मुदत आपल्याकडे रात्री १२:३० ला येते. समजा पुण्यात १४ जानेवारी उजाडली आहे, रात्रीचे सव्वाबारा. ह्यूस्टनमध्ये अजून १३ ची दुपार आहे. या क्षणी टाइमलीत जे नॉमिनेशन द्यायचं ते १४ च्या गॅस-दिवसाचं, आणि रात्री २ वाजता मुदत संपणाऱ्या इंट्राडे २ चं मात्र १३ च्या गॅस-दिवसाचं. दोन गॅस-दिवस एकाच वेळी उघडे असतात. एक्सेलच्या अपलोड फाइलमध्ये 'आजची तारीख' काढणारं सूत्र पुण्याच्या लॅपटॉपचं घड्याळ वापरत असेल, तर मध्यरात्रीआधी आणि नंतर तीच फाइल वेगळं उत्तर देते, आणि १३ ची दुरुस्ती १४ वर जाऊन बसते. पोर्टल तक्रार करत नाही, कारण १४ तारीखही वैधच असते. तारीख सूत्राने काढू नका, हाताने टाका, किंवा सूत्राला सेंट्रल वेळ द्या.

आपल्याकडच्या पाइपलाइनवर काम करून आलेल्यांसाठी एवढंच: भारतात गॅस-दिवस सकाळी ६ ला सुरू होतो, तिथे सेंट्रल वेळेनुसार सकाळी ९ ला. न्यूयॉर्क असो की कॅलिफोर्निया, घड्याळ सेंट्रलचंच.

फ्यूलचा हिशेब

कॉम्प्रेसर चालवायला पाइपलाइन तुमच्याच गॅसमधून वाटा ठेवून घेते. डिलिव्हरीवरून रिसीट काढताना भागाकार करायचा असतो: १०,००० भागिले ०.९७, म्हणजे ३ टक्के फ्यूलसाठी १०,३०९. गुणाकार करून १०,३०० काढणारी फाइल अजून अनेक डेस्कवर फिरते आहे. फरक ९ डेकाथर्मचा. मानकानुसार फ्यूलच्या हिशेबात ५ डेकाथर्मपेक्षा कमी फरक पडला, तर पाइपलाइनने त्यावरून नॉमिनेशन नाकारायचं नसतं. म्हणूनच १.५ टक्क्यांवर चूक कळत नाही (१०,१५२ आणि १०,१५०, फरक फक्त २) आणि फ्यूल वाढलं किंवा आकडा मोठा झाला की तीच फाइल अचानक 'बिघडते'. ती पहिल्यापासूनच बिघडलेली असते.

दोन-तीन पाइपलाइनची साखळी असेल तर शेवटच्या डिलिव्हरीपासून मागे मागे या, आणि प्रत्येक टप्प्यावर पूर्ण डेकाथर्मला राउंड करा. शेवटी एकदाच राउंड केलं तर मधल्या जोडावर १ चा फरक राहतो, आणि तिथे लहान आकडा जिंकतो. फ्यूलचा दर बदलतो तेव्हा तो महिन्याच्या सुरुवातीपासून बदलतो, त्यामुळे १ तारखेच्या कटांमध्ये जुना दरही तपासा.

क्षमता आणि प्राधान्य

दोन्ही बाजूंनी पूर्ण कन्फर्म झालं आणि तरीही आकडा घटला, तरच पाइपलाइनकडे वळा. आधी तिच्या माहितीच्या पानावर त्या भागाची उपलब्ध क्षमता आणि त्या दिवसाच्या क्रिटिकल नोटिसा बघा. कॉम्प्रेसरची दुरुस्ती चालू असेल तर ती तिथे आधीच जाहीर झालेली असते. कात्री लागते ती खालून वर: आधी इंटरप्टिबल (जागा उरली तरच मिळणारी वाहतूक), मग करारातल्या मार्गाबाहेरचे दुय्यम पॉइंट, मग मार्गातले दुय्यम, आणि शेवटी प्राथमिक फर्म (करारात नेमून दिलेल्या पॉइंटवरची हमीची वाहतूक). 'आमचा करार फर्म आहे, मग कापला कसा?' हा प्रश्न वारंवार येतो. करार फर्म असेल, पण तुम्ही नॉमिनेट केलेला पॉइंट त्या करारात दुय्यम आहे का, ते बघा.

इंटरप्टिबल गॅस टाइमलीत शेड्यूल झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. इव्हनिंग, इंट्राडे १ आणि इंट्राडे २ मध्ये फर्मवाला येऊन त्याला बाजूला सारू शकतो. इंट्राडे ३ मध्ये नाही.

एका करारावर नॉमिनेशनच्या चार ओळी असतील आणि कपात होणारच असेल, तर कोणती ओळ आधी कापायची हे रँक ठरवते. लहान क्रमांक म्हणजे वरचं प्राधान्य. सगळ्या ओळींना एकच रँक देणं ही आळसाची सवय आहे. मग स्वस्त गॅस कापला जातो आणि महाग राहतो, किंवा ज्या ग्राहकाकडे दंडाचं कलम आहे नेमकी त्याचीच ओळ जाते.

थंडीच्या लाटेत रिसीटच्या बाजूचे कट अटळ असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात विहिरी आणि प्रकल्प गोठले, तेव्हा पाइप मोकळे असूनही त्यांत घालायला गॅस नव्हता. अशा दिवशी तासभर पोर्टलशी झगडण्यात अर्थ नाही. पर्यायी पुरवठा शोधायला ट्रेडरला लगेच उठवा.

दुरुस्ती केली, पण दुसऱ्या दिवशी जुनाच आकडा परत आला

इंट्राडे नॉमिनेशन एकाच दिवसापुरतं असतं, ते पुढे सरकत नाही. आज इंट्राडे १ मध्ये १०,००० चे ७,००० केले, आणि मूळ नॉमिनेशन महिनाअखेरपर्यंतचं असेल, तर उद्या ते १०,००० वरच उभं राहतं. कायमचा बदल हवा असेल तर इंट्राडेबरोबर उद्यापासूनचं नवं टाइमली नॉमिनेशनही त्याच बैठकीत द्या.

इंट्राडेत टाकायचा आकडा पूर्ण दिवसाचा असतो, उरलेल्या तासांचा नाही. आणि जो गॅस वाहून गेला असं धरलं जातं त्याच्या खाली तो नेता येत नाही. १०,००० चं शेड्यूल असेल तर इंट्राडे १ मध्ये ५ तास गेलेले, म्हणून तळ २,०८३. इंट्राडे २ मध्ये ९ तास, तळ ३,७५०. इंट्राडे ३ मध्ये १३ तास, तळ ५,४१७. इंट्राडे ३ मध्ये शून्य टाकून ५,४१७ परत आले, तर तो बिघाड नाही.

किरकोळ, पण सतावणारे

रिलीज झालेल्या, म्हणजे दुसऱ्या शिपरने आपल्या करारातून तुम्हाला दिलेल्या, क्षमतेवर टाइमलीत नॉमिनेशन करायचं असेल आणि व्यवहार बोलीविना, आधी ठरवून झालेला असेल, तर रिलीज सेंट्रल वेळेनुसार दुपारी १२ पर्यंत नोंदवावं लागतं, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री १०:३०. नवा करार क्रमांक मिळाल्यावर तोच वापरा. रिलीज करणाऱ्याचा मूळ क्रमांक टाकला की पहिल्याच टप्प्यावर नकार येतो.

पूलमधून (अनेक पुरवठादारांचा गॅस एकत्र धरला जातो तो कागदोपत्री पॉइंट) गॅस घेत असाल तर पूलमध्ये येणारा आणि जाणारा आकडा सारखा हवा. पूलमध्ये शिरणारा एक पुरवठादार कापला गेला की पूलवाल्याने दिलेल्या रँकप्रमाणे त्याचा भार खालच्या घेणाऱ्यांवर पडतो. तुमच्या ओळीत सगळं बरोबर असताना कट दिसला तर पूलवाल्याला विचारा.

कॅनडाच्या सीमेवर गिगाज्यूल चालतात. १ डेकाथर्म म्हणजे १.०५५०५६ गिगाज्यूल, १०,००० चा आकडा एकक न बदलता तसाच टाकला तर पलीकडे तो ९,४७८ डेकाथर्मच भरतो, आणि कट बरोबर तेवढ्यावर येतो.

शुक्रवारी टाइमलीत सहसा शनिवार, रविवार आणि सोमवार असे तीन गॅस-दिवस एकत्र जातात. आपल्याकडे तो शुक्रवार रात्रीचा शेवट असतो, आणि निकाल येतो तोवर शनिवारची पहाट झालेली असते. शेवटची तारीख सोमवारऐवजी रविवार टाकली तर सोमवारी शून्य दिसतं, आणि ते कुणाच्या लक्षात येईपर्यंत सोमवारचा टाइमली आणि इव्हनिंग दोन्ही गेलेले असतात.

शिफ्ट बदलताना इव्हनिंगचा निकाल आणि इंट्राडे ३ हे दोन्ही सहसा अनाथ राहतात, कारण सकाळी सहाची कॅब निघून गेलेली असते आणि निकाल साडेसात-साडेआठला येतो. हस्तांतराच्या नोटमध्ये 'सर्व ठीक' लिहू नका. उघड्या प्रत्येक ओळीसाठी गॅस-दिवस, पॉइंट क्रमांक, मागितलेला आकडा, आतापर्यंत कन्फर्म झालेला आकडा, कुणाशी किती वाजता बोलणं झालं आणि निकाल कुणी बघायचा, हे लिहा. शेवटच्या रकान्यात 'डे शिफ्ट' नको, माणसाचं नाव हवं.